स्टोरेजमधून काढलेला ट्रेलर, रुसलेला फ्रिज आणि ग्लेशियर बेसिन

"गॅसची टाकी उघडायची, बटण दाबायचं, सगळं आपोआप पेटतं," असं सांगणाऱ्यांनी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हिवाळाभर उभा ठेवून पाहिलेला नसावा. आम्ही आमचा डेन्व्हरजवळच्या स्टोरेजमधून काढला आणि जूनच्या सुरुवातीला रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या ग्लेशियर बेसिन या कॅम्पग्राउंडला नेला. उंची साधारण ८,५०० फूट, विजेची जोडणी नाही. फ्रिज, गिझर, फर्नेस (ऊब देणारी भट्टी), सगळी भिस्त टाकीतल्या प्रोपेन गॅसवर. पेटली फक्त शेगडी, आणि दुसरा बर्नर लावला की तीही मान टाकायची.

बोलावलेल्या मिस्त्रीने पाच मिनिटांत "रेग्युलेटर गेला" असं जाहीर केलं. नुसत्या येण्याचे १७५ डॉलर, पार्टचे आणि मजुरीचे वेगळे. रेग्युलेटर गेला की नाही हे मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावून कळतं. दाब पाण्याच्या स्तंभाच्या ११ इंचांच्या आसपास हवा. या गृहस्थांनी मॅनोमीटर गाडीतून बाहेरच काढला नाही. पार्ट नको म्हणून सांगितलं.

खरी भानगड टाकीच्या जोडणीत होती. तिथल्या प्लास्टिकच्या मोठ्या नटाच्या आत एक सुरक्षा व्यवस्था असते. रिकाम्या पाइपात गॅस एकदम घुसला की तिला वाटतं नळी फुटली, आणि ती गॅस जवळजवळ तोडते. आपल्याकडे घरी रेग्युलेटर खटकन फिरवायची सवय. इथे तेच नडतं. उपाय फुकटचा: सगळी उपकरणं बंद, टाकी बंद, काही मिनिटं थांबा, मग नॉब अगदी सावकाश उघडा. त्यानंतर आधी शेगडी पेटवून पाइपातली हवा काढा आणि मगच बाकीच्यांकडे वळा. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडा दिसला की टाकी बंद, पुढे काही नाही.

शेगडी रांगेला लागली, गिझर पेटला. फ्रिज मात्र नाही. टकटक ठिणगी, मग लाल दिवा, पुन्हा तेच. त्या फ्रिजने माझं डोकं जितकं खाल्लं तितकं ट्रेलरच्या हप्त्यांनीही खाल्लेलं नाही. बाहेरची जाळी काढल्यावर दिसलं, धुराड्यातला गंज पापुद्रे होऊन बर्नरवर पडला होता आणि नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. प्रोपेनला जो वास घातलेला असतो त्यावर कोळी भुलतात म्हणे. टाकी आणि १२ व्होल्टचा पुरवठा दोन्ही बंद करा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने फुंकून काढा. बारीक छिद्रात टाचणी खुपसू नका, छिद्र मोठं झालं की ज्योत बिघडते. ट्रेलर सपाट उभा हवा. साडेपाच हजार फुटांच्या वर हे फ्रिज गॅसवर तसेही कुरकुरतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीच घरच्या विजेवर गार करून घ्या. दूध, मासे वगैरे बर्फाच्या पेटीतच ठेवा. माझा या फ्रिजवर आता काडीचा विश्वास नाही.

फर्नेसचा पंखा फिरतो पण ऊब नाही, असं झालं तर आधी बॅटरी बघा. व्होल्टेज कमी असलं की पंख्याला वेग येत नाही, आणि वाऱ्याने दबणारा स्विच दबल्याशिवाय गॅस सुटत नाही. पहाटे गोठत असताना हे शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

गिझरची टाकी भरल्याशिवाय तो पेटवू नका. हिवाळ्यात फिरवलेला बायपास, म्हणजे पाणी गिझरला वगळून नेणारा व्हॉल्व्ह, परत जागेवर आणा, गरम पाण्याच्या नळाला धार आली की मगच बटण.

टाकी बदलून देणारे पिंजरे दुकानांबाहेर दिसतात, ते टाळा. २० पौंडांच्या टाकीत बहुतेक वेळा १५ पौंडच भरून देतात. गॅलनवर भरून देणारा पंप शोधा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मांवरची तारीख वाचा. उलटली असेल तर बदला, त्यात काटकसर नको.

पार्कातला उंचावरून जाणारा ट्रेल रिज रोड उघडा होता, छान होता. ट्रेलर मात्र खाली ठेवून जा. आणि हा सगळा खटाटोप निघायच्या आठवडाभर आधी घराच्या दारात करा; मिस्त्री लागलाच तर तिथे दुसऱ्याला विचारता येतं.