खाडी आली की उतार, बोट झाली की चढ

आपण नागपूरवाले सायकलवर सेमिनरी हिल्सचा चढ चढलो की स्वतःला लय भारी समजतो, बाकी रामटेक करा नाही तर काटोल, रस्ता बहुतेक सपाटच, आणि परत येऊन तर्री पोहे. कोकणात पहिल्याच दिवशी माज उतरला बाप्पा! मुरूडहून निघालो, आगरदांड्याला सायकलसकट बोटीत चढलो, पलीकडे दिघी, मग दिवेआगर, आणि तिथून आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनचा रस्ता तर काय सांगू, समुद्र इतका जवळ की चष्म्यावर खारट थेंब, पुसला तरी धूसरच दिसे.

पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला दुसरी बोट, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. बोटीत मस्त आराम होतो, पण उतरल्या उतरल्या चढ सुरू, पाय थंड झालेले असतात नं, गुडघे कुरकुर करतात. मे महिन्यातलं आपलं ऊन परवडलं, पण तिथला दमटपणा नको, घाम वाळतच नाही. केळशीपर्यंत चेन कर्रकर्र करायला लागली, बघतो तर कड्यांवर तांबूस गंज. तेलाची बाटली घरीच, वाडीतल्या काकूंनी वाटीत खोबरेल दिलं, चाललं तेवढ्यापुरतं. पुढच्या वेळी हर्णैच्या पुढे दाभोळ-धोपावे ही बोट करायचीय, तेल घेऊन.