आमची वाटचाल : तीन मालक आणि एक मिस्त्री

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ साली, आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, लातूरच्या एमआयडीसीत डाळमिल टाकली. त्याआधी गंजगोलाईत आमचं भुसार मालाचं छोटं दुकान होतं. मिलचा सगळा कारभार अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात मावायचा. एक डायरी आणि किल्ल्यांचा जुडगा. तूर काय भावानं घ्यायची, कोणाला किती उधार, हमालांची उचल किती, सगळं त्या डायरीत. मुनीमजी वही लिहायचे, पण आकडा अण्णा सांगतील तो.

दहा-बारा माणसांच्या मिलला एवढी व्यवस्था पुरते, मालक जागेवर असेल तोवर. एकदा अण्णा औशाला लग्नाला गेले आणि त्याच दिवशी रोलरचा पट्टा तुटला. पट्टा बाजारात मिळत होता, मिस्त्री आणायलाही तयार होता, पण गल्ल्याची किल्ली औशाला. अण्णा जेवून परत येईपर्यंत मिल बंद आणि हमाल लिंबाखाली पत्ते कुटत बसलेले.

पुढे आम्ही तिघं भाऊ धंद्यात आलो आणि भागीदारी फर्म झाली. भागीदारीचा कायदा १९३२ चा. त्यात नोंदणी सक्तीची नाही, म्हणून आम्ही केली नाही. परगावच्या एका व्यापाऱ्यानं पैसे थकवले तेव्हा वकिलांनी पहिला कागद मागितला तो नोंदणीचा. फर्म नोंदलेली नसेल तर कलम ६९ प्रमाणे वसुलीचा दावाच लावता येत नाही. धावपळ करून नोंदणी केली, तोवर दावा लावायची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. ती रक्कम अजून वहीत आहे. मुनीमजींना ती खोडू वाटत नाही.

पण आम्हाला खरा फटका बसला तो घरातल्या घरात.

तूर दळायची म्हणजे आधी रोलरवर तिचं टरफल ओरखडून घ्यायचं, तेलाचा हात द्यायचा आणि मग अंगणात पसरून दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्यायचं. ऊन कमी पडलं की टरफल सुटत नाही, दाणा फुटतो आणि डाळीऐवजी चुरी निघते. मार्चचा महिना होता. ऐंशी क्विंटल तूर अंगणात पसरलेली, दुसराच दिवस, आणि आभाळ भरून आलेलं. अण्णा म्हणाले, गोळा करा, ताडपत्री टाका. दादा म्हणाले, पाऊस येत नाही, अजून एक दिवस ऊन लागू द्या. आणि मी पुण्याहून फोनवर सांगितलं की उद्या गाडी भरायची आहे, रात्रीच दळायला घ्या. मिस्त्रीनं शेवटी आलेला हुकूम पाळला. सकाळी चाळणीखाली चुरीचा ढीग आणि डाळीला टरफलाचे ठिपके. पार्टीनं भाव पाडून माल घेतला. आम्ही तिघंही मिस्त्रीवर ओरडलो. तो शांतपणे हात पुसत म्हणाला, "मालक, मी एक अन् तुमी तिघं. म्या कुणाचं ऐकावं?"

याला उत्तर नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही कामं लिहून काढली. खरेदी दादांची. विक्री आणि वसुली धाकट्याची. मिल माझी, पण मिलमधल्या माणसांना सांगणार फक्त मिस्त्री. मला काही म्हणायचं असेल तर मी मिस्त्रीला सांगायचं, थेट रोलरवरच्या पोराला नाही. जो माल घेतो त्यानंच पैसे द्यायचे नाहीत, हे मुनीमजींनी सुचवलं. पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती मिस्त्री कोणाला न विचारता करेल, यावर मात्र तासभर वाद झाला. औशाच्या लग्नाची आठवण निघाली तेव्हा अण्णा गप्प झाले.

कागदावर लिहिणं सोपं. पुढचं वर्षभर मी अंगणात जाऊन ओरडायची सवय मोडत होतो. अण्णांची तर मोडलीच नाही. शेवटी त्यांना वानगी, म्हणजे मालाचा नमुना, तपासायचं काम दिलं. ओलावा मोजायचं यंत्र आणलेलं आहे, तरी अण्णा दाणा दाताखाली धरतात आणि 'अजून कच्ची आहे' म्हणतात. बहुतेक वेळा यंत्रही तेच म्हणतं.

२०१६ चं साल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते, कसंबसं काढलं. पुढे प्रायव्हेट लिमिटेड केली. भागीदारीत धंद्याचं देणं घरादारावर येतं, कंपनीचं देणं कंपनीपुरतं, असं सीएंनी समजावलं. आईनं विचारलं, "मग गावाकडचं शेत सुटलं म्हणायचं का?" सीए हो म्हणाले. पुढच्याच महिन्यात सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचलायच्या कर्जाची मर्यादा, वाढवताना बँकेनं आम्हा तिघांची वैयक्तिक हमी घेतली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

छोट्या कंपनीला संचालकांच्या वर्षात दोन बैठका पुरतात. आमच्या रोज रात्री ताटावर होतात, फक्त इतिवृत्त लिहिलं जात नाही. पण गोदामाचा आकडा एकाच माणसाकडे ठेवण्याचा फायदा जून २०२३ मध्ये कळला. केंद्रानं तुरीवर साठ्याची मर्यादा घातली आणि साठा पोर्टलवर भरायचा होता. आधीची पद्धत असती तर मुनीमजींची वही, मिस्त्रीचं रजिस्टर आणि दादांचं डोकं, असे तीन वेगळे आकडे निघाले असते.

यंदा दादांचा मुलगा एमबीए करून आला. त्यानं कॉम्प्युटरवर चौकटी-चौकटींचा तक्ता काढून ऑफिसात लावला. त्यात मिस्त्री 'प्रॉडक्शन सुपरवायझर' आहे आणि त्याच्या डोक्यावर तीन चौकटी आहेत. मिस्त्रीनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मालक, यात सुट्टी कुणाला मागायची?"

पुतण्याला बोलावलं. तो तक्ता सध्या दुरुस्तीला आहे.