एकटा घोडा आणि कडेचे प्यादे

बुद्धिबळ स्पर्धेत मी पंच होतो. शेवटचा एकच पट उरला होता आणि पुढच्या फेरीच्या जोड्या त्या डावापायी अडल्या होत्या. दोघेही हौशी, नोकरी सांभाळून खेळणारे. ९० मिनिटे कधीच संपली होती. प्रत्येक चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवर डाव रेटणे चालले होते. पांढऱ्याकडे राजा आणि ‘ए’ पट्टीतले एक प्यादे, काळ्याकडे राजा आणि घोडा. घोडा काही प्याद्याची वाट सोडेना. राजा कुठून न्यावा याच्या विचारात पांढरा गढला आणि त्याचे घड्याळ शून्यावर आले.

फ्लॅग पडल्याचे, म्हणजे वेळ संपल्याचे, मी सांगितले. त्याने निवांतपणे हात पुढे केला. “ड्रॉ. एकट्या घोड्याने मात होत नाही.” काळ्याने हात मिळवला आणि स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, अर्धा गुण लिहायलाही घेतला.

“थांबा,” मी म्हणालो, “काळा जिंकला आहे.”

गंमत म्हणजे जास्त वाद काळ्यानेच घातला. “सर, मी तर ड्रॉसाठीच झगडत होतो!” खरे होते. पण फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांतले कलम ६.९ डावाचा कल विचारत नाही. वेळ संपलेल्याच्या राजावर नियमात बसणाऱ्या कोणत्याही चालींनी, अगदी त्याने स्वतः मूर्खासारख्या चाली केल्या तरीही, मात शक्य नसेल तरच बरोबरी. काही ऑनलाइन संकेतस्थळांवर अशा वेळी ड्रॉ देतात, त्यामुळे हा घोळ नेहमीचाच.

नियम वाचून दाखवून कुणाचे समाधान होत नाही, म्हणून मी पटावरच मांडले. पांढरा राजा ए-८, त्याचे प्यादे ए-७, काळा राजा सी-७. घोडा बी-६ वर ठेवला. शह. बी-७ आणि बी-८ काळ्या राजाने धरलेली, ए-७ वर आपलेच प्यादे. मात!

“अपील करू शकता,” मी सांगितले. पांढरा पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि प्यादे मारले गेले असते तर?”

“तर डाव तिथेच बरोबरीत संपला असता.”

“वजीर झाला असता तर? मग फ्लॅग पडला असता तर?”

“तरी ड्रॉ. समोर नुसता वजीर असेल तर घोड्याला कोणत्याच मार्गाने मात करता येत नाही.”

“म्हणजे प्यादे राहिले, म्हणून मी हरलो?”

“हो,” मी म्हणालो आणि सहीसाठी स्कोअरशीट पुढे केले.