थैलीचा एक बंद

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडपासून लाखनीपर्यंत मी उभ्यानं गेले. पाडव्याची सकाळ, २ नोव्हेंबर २०२४. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, कुणाच्या तरी चिवड्याच्या डब्याचा कोपरा माझ्या बरगडीत. भंडाऱ्याला गाडी रिकामी होते, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. झाली नाही. उलट वैनगंगेच्या पुलावर आलो तोवर आणखी आठ-दहा जण चढले होते. बायकांना अर्धं तिकीट लागतं, मग त्यांनी जागेसाठी कुरकुर कशाला करावी, असं बसलेले एक काका मोठ्यानं म्हणाले. मी गप्प राहिले, पण तो राग लाखनीला उतरेपर्यंत उतरला नाही.

जात होते गायगोधन बघायला. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात माणूस जमिनीवर पालथा झोपतो आणि त्याच्या अंगावरून गायींचा कळप जातो, तो व्हिडिओ दर दिवाळीत आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतो. मलाही तेच बघायचं होतं. मैत्रिणीला तसं सांगितलं तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, "आमच्या गावात तसं होत नाही. त्यासाठी येणार असशील तर नको येऊस." कॉलेजपासूनची मैत्रीण. ती गोवारी आहे हे मला माहीत होतं, म्हणजे नुसता शब्द माहीत होता.

लाखनीहून ऑटोनं आत गेलो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, काही कापून झालेल्या, काहींत कडपा पसरलेल्या, आणि ओल्या तणसाचा तो वास. घरी पोचताच हातपाय धुवायला पाणी आलं, लगेच सुवाऱ्या आणि वडे, आणि मी नको म्हणेपर्यंत पानात तिसरी सुवारी पडलेली. मी शहरात वाढलेली. कुणाच्या घरी जायचं तर आधी दोनदा फोन करून विचारते. इथं मला कुणी "किती दिवस राहणार?" असंही विचारलं नाही.

दुपारी आखरावर गेलो. आखर म्हणजे गावची गुरं सकाळी जिथं गोळा होतात ती मोकळी जागा. वर्षभर गावाची गुरं राखणाऱ्या गायक्यांचा, म्हणजे गोवाऱ्यांचा, हा दिवस. गायींच्या अंगावर रंगाचे ठसे, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. डफ वाजायला लागले आणि ढाल निघाली. लांब बांबू, त्याला कापड गुंडाळलेलं, वर मोरपिसांचा झुबका. ती घेऊन घरोघर जायचं, प्रत्येक दारी नाचायचं. घरची बाई ढालीची पूजा करते, सुपातून धान घालते, कुणी पैसे देतं. नाचणाऱ्या पोरांत एक पुण्यात कंपनीत काम करणारा होता, एक पोलीस भरतीची तयारी करणारा. गुरं आता थोडीच उरलीत, पण ढाल धरायला हात कमी पडले नाहीत.

ढाल मैत्रिणीच्या मोठीमायच्या दारी आली, तेव्हा नाच थांबला. डफही थांबले. कुणी कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. मोठीमाय तांब्या घेऊन बाहेर आली, ढालीच्या बुडाशी पाणी घातलं, कुंकू लावलं आणि पुटपुटत एक नाव घेतलं. मग मागं सरली, आणि पोरांनी पुन्हा डफ उचलले.

मी मैत्रिणीला विचारलं, कुणाचं नाव? ती म्हणाली, "तिच्या नणंदेचं. नागपूरला गेली होती ती. चौऱ्याण्णवला."

तेव्हा मला आमचा पूल आठवला. सीताबर्डीचा उड्डाणपूल. पाच वर्षं मी त्याच्या खालून कॉलेजला गेले, त्याच्यावरून कामाला जाते. त्याचं पूर्ण नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. ही पाटी मी शेकडो वेळा वाचली आहे. गोवारी आडनावाचा कुणी जवान सीमेवर शहीद झाला असेल, असं मी धरून चालले होते. या मैत्रिणीलासुद्धा मी कितीदा सांगितलं असेल, "पुलाखाली थांब, मी येतेच." ती थांबायची. पाच वर्षांत तिनं मला एकदाही सांगितलं नाही आणि मी एकदाही विचारलं नाही.

रात्री जेवणानंतर मोठीमाय अंगणात खाटेवर बसली होती. मैत्रिणीनं तिला सांगितलं, हिला ऐकायचं आहे. मला फार अवघडल्यासारखं झालं. सणाच्या दिवशी हे कसं विचारायचं? मोठीमाय माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या साळंत सांगत नाही का वं हे?"

मी नाही म्हटलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात जालियनवाला बाग होती. मी निबंधही लिहिला होता, बक्षीस मिळालं होतं. शाळेपासून विधान भवन सायकलनं दहा मिनिटांवर होतं.

ती उठून आत गेली आणि एक थैली घेऊन आली. मांजरपाटाची, धुऊन धुऊन पिवळी पडलेली, दोन बंदांची. एक बंद मूळचा होता. दुसरा मुळापासून तुटलेला आणि निळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेला, जाड, आडवे-उभे टाके.

"सकाऊन चारले निघालो टरकानं," ती सांगायला लागली. "यात पोया होत्या अन् चटनी होती. दिवसभर रोडावर बसलो. साहेब येईन, निवेदन घेईन, मंग घरी जाऊ. पोया आमी आजूबाजूच्या लेकराईले वाटून देल्या. सांज होऊन गेली. तवा कोनी तरी म्हनलं, गाडी आली. सारे उठले. पुढं कठडे, मागं मानसंच मानसं. अन् लाठ्या." ती थांबली. तिनं थैली उचलून दोन्ही बंद दोन हातांत धरून दाखवले. "चुकामूक नोको व्हाव म्हनून हा बंद माह्या हातात होता, हा तिच्या हातात. एकोनीस वर्साची होती. म्या सोडला नाही. तिनंई नसन सोडला. बंदच तुटला."

अंगणात पणत्या होत्या. मैत्रीण खाली मान घालून बोटानं सारवणावर रेघा ओढत होती. तिनं हे किती वेळा ऐकलं असेल, कोण जाणे.

तो दिवस २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि हजारो गोवारी विधान भवनावर मोर्चा घेऊन आले होते. त्यांची मागणी एका नोंदीबद्दल होती. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं आहे. हे दोन शब्द एकच जमात सांगतात की दोन, मध्ये स्वल्पविराम हवा होता का, हा तो वाद. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयानं सवलतींची वाट बंद झाली, आणि नऊ वर्षांनी ही माणसं शिदोरी बांधून उपराजधानीच्या शहरात आली. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं गेलं. मुख्य मागणी तशीच राहिली. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारी हे अनुसूचित जमातीचे आहेत असं म्हटलं. त्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं वर्गात पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले आणि कशाचे, हे विचारल्याचं मला आठवत नाही. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या, त्यांच्या तेवढ्या राहिल्या.

या मागणीला दुसऱ्या आदिवासी संघटनांचा विरोध आहे, हे मला माहीत आहे. त्यांचीही बाजू आहे, आणि यादीत कोण असावं हे ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही. पण एकशे चौदा माणसं मेली, हे लक्षात ठेवायला कुठल्या निकालाची गरज आहे?

त्या थैलीत आता कागद असतात. मोठीमायनं एकेक काढून माझ्या हातात दिला. सासऱ्यांच्या शाळेचा दाखला, कोतवाल पंजीची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, जमिनीच्या जुन्या अधिकार अभिलेखाची झेरॉक्स, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. नातवाच्या जातपडताळणीसाठी जमवलेले. तिला वाचता येत नाही, पण प्रत्येक कागदावर तो शब्द कुठं आहे हे तिला बरोबर ठाऊक होतं. त्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे वाच." जुनं अक्षर, शाई पसरलेली, झेरॉक्सची झेरॉक्स. फोनचा टॉर्च लावून वाचलं, 'गोवारी'. दुसऱ्यावर 'गवारी'. तिसऱ्यावर पुन्हा 'गोवारी'. दर खेपेला ती मान हलवायची, जणू मी वाचल्यावरच तो शब्द पक्का होत होता.

मध्यरात्री मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, दंडारीच्या नाटकाचा आवाज लांबून येत होता. मैत्रीण मला म्हणाली, "दरवर्षी कुणीतरी येतं. पत्रकार येतात, अभ्यास करणारे येतात, आणि तिला पुन्हा तो बंद धरून दाखवायला लावतात. तिला एकटीलाच किती वर्षं सांगायला लावायचं?"

तो प्रश्न मला लागला, कारण त्या रात्री मीही तेच केलं होतं. आम्ही दोघी सव्वीस वर्षांच्या. जे झालं ते आमच्या जन्माआधी झालं, त्यात माझा हात नाही, असं मी सहज म्हणू शकते. पण माझ्या शहरात झालं, माझ्या रोजच्या रस्त्यावर झालं. आठवण ठेवायचं काम आपण ज्यांची माणसं गेली त्यांच्याच गळ्यात बांधलं आणि पुलाला नाव देऊन मोकळे झालो. मैत्रिणीच्या वयाची गोवारी पोरं ते काम करतातच, त्यांना सुटका नाही. माझ्या वयाच्या नागपूरच्या पोरांनी निदान ती गोष्ट पाठ करावी, म्हणजे मोठीमायला दरवेळी ती थैली बाहेर काढावी लागणार नाही. मी तेव्हाच ठरवलं, यापुढं मला जो कुणी "पुलाखाली भेटू" म्हणेल त्याला मी आधी हे सांगणार.

दुसऱ्या दिवशी नागझिरा केलं. रानगवे दिसले, वाघ नाही. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली.

घरी आल्यावर बाबांना विचारलं. बाबा तेव्हा सीताबर्डीत एका दुकानात हिशेब लिहायचे. त्यांनी जरा वेळ आठवलं आणि म्हणाले, "हो, त्या दिवशी रस्ते बंद होते. मला घरी यायला फार उशीर झाला होता. तुझी आई काळजीत होती." एवढंच त्यांच्याजवळ होतं. माझे बाबा दुसऱ्याचं दुःख बघून रडणारे आहेत. रस्त्यावर कुत्रं गाडीखाली आलं तर दोन दिवस जेवत नाहीत. त्यांच्याही मनात त्या संध्याकाळचं एवढंच उरलं होतं, की रस्ते बंद होते. मी त्यांना थैलीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा ते गॅलरीत उभे होते.

२३ नोव्हेंबरला तीस वर्षं होणार होती. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी विधानसभेची मतमोजणी आली. सकाळपासून शहरभर सगळे फोनवर आकडे बघत होते, दुपारनंतर गुलाल आणि ढोल-ताशे सुरू झाले. झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं होती. पिवळे फेटे, नऊवारी लुगडी, कडेवर लेकरं. फुलं वाहायची, हात जोडायचे आणि बाजूला फुटपाथवर बसायचं. समोरून एक विजयी मिरवणूक गेली. गाडीवरच्या पोरांनी या बायांकडं पाहून हात हलवले. त्यांना वाटलं असेल, याही मिरवणूक बघायलाच थांबल्यात. मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवलं. त्या पोरांचं वय माझ्याएवढंच होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या गाडीवर मी असते तर मीही तसाच हात हलवला असता.

मोठीमाय पहाटेच्या गाडीनं आली होती. सतरंजीचा तुकडा अंथरून बसली होती, थैली मांडीवर. माझ्याबरोबर बाबा आले होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. सकाळी चपला घालून तेच दारात उभे राहिले होते. त्यांनी फुलं वाहिली, मग मोठीमायसमोर येऊन नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी त्या दिवशी इथंच होतो बाई. पंचशील चौकात. मी दुकान बंद केलं आणि मागच्या गल्लीनं घरी गेलो."

मोठीमायनं त्यांच्याकडं पाहिलं. मग थैली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, सतरंजीवर थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ."