बिघडलं की कोणाला बोलावता?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मुलगा कामाला चोख, पण माझा लॅपटॉप दिसला की हात जोडतो. "काकू, लिनक्सचं आपण बघत नाही." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी प्रणाली. मी ती वापरते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हळदीकुंकवापासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठेही मला एकच प्रश्न येतो: मग तुमचं बिघडलं की कोणाला बोलावता? परवा एका लेखिकेनेही फोनवर तेच विचारलं. तिची कादंबरी माझ्याकडे मुद्रितशोधनाला होती, तेव्हा काळजी माझी की कादंबरीची हे सांगायला नको. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कोणालाच बोलावत नाही. हे ऐकल्यावर लोकांना वाटतं, बाईंना काळ्या पडद्यावरच्या आज्ञा तोंडपाठ असणार. नाहीत. जेमतेम वीसेक येतात, त्यातल्या निम्म्या मी वहीत बघून टंकते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तिथे टर्मिनलची, म्हणजे त्याच काळ्या पडद्याची, भीती मोडली, तेवढंच माझं शिक्षण. बाकीचं मला एका प्रिंटरने शिकवलं.

प्रिंटर साधा, काळा-पांढरा, वायफायवर चालणारा. काही महिने गुण्यागोविंदाने नांदला. मग एक दिवस प्रिंट दिली तर ती रांगेत जाऊन बसली आणि प्रिंटर ढिम्म. प्रुफं संध्याकाळी द्यायची होती. मी प्रिंटर यादीतून काढला, पुन्हा जोडला, ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम) नवा घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला, राउटरही. चालला! जिंकल्याच्या आनंदात चहा केला. आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं. पुन्हा सगळे उपाय एकदम, पुन्हा चालला. चार गोळ्या एकदम घेऊन ताप उतरला की कोणत्या गोळीने उतरला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण चारही घेतो. तिसऱ्या वेळी चिडून तारीख वहीत लिहिली. चौथ्या वेळी लिहायला गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मंगळवार. मागची तारीख बघितली, तीही मंगळवारचीच.

मंगळवारी आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते. लाईट आली की राउटर झोपेतून उठतो आणि घरातल्या यंत्रांना नव्याने नंबर वाटतो. जो आधी हजर, त्याला आधीचा. कधी टीव्ही पुढे, कधी मुलाचा फोन. प्रिंटरला उठायला वेळ लागतो, म्हणून त्याचा नंबर कधी चौथा तर कधी सातवा. माझा लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर पत्र टाकत होता, आणि त्या पत्त्यावर आता टीव्ही राहायला आला होता.

कथा छान जुळली, पण मुद्रितशोधकाला जुळणाऱ्या कथेचा संशय आधी येतो. म्हणून प्रिंटरच्याच मेनूतून त्याच्या नेटवर्कचा कागद छापून घेतला. त्यावर त्याचा आजचा नंबर होता. लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा सांभाळते आणि तिचं पान ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:631’ एवढं टाकलं की उघडतं. तिथे रांगेचा पत्ता बघितला. दोन नंबर वेगळे होते. मग एकच गोष्ट बदलली: राउटरमध्ये जाऊन प्रिंटरसाठी तो जुना नंबर कायमचा राखून ठेवला. मंगळवारची वाट न बघता राउटर हाताने तीनदा बंद-चालू केला, दर वेळी एक पान छापलं. तिन्ही पानं आली. ती मी वहीत चिकटवून ठेवली आहेत. घरचे हसतात, हसू देत.

तेव्हापासून बिघाड मुद्दाम घडवून बघता येतो का, हे मी आधी शोधते. आणि एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. वाट निम्म्यावर कापायची सवयही तेव्हाच लागली. मोबाइलवरून प्रिंट निघते का? निघाली तर प्रिंटर, शाई, वायफाय सगळे निर्दोष सुटले, शोध लॅपटॉपपुरता उरला. नेट गेलं की टर्मिनलमध्ये ‘पिंग 8.8.8.8’ करून बघते, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरला त्याच्या नंबरावर हाक मारते. उत्तर आलं आणि तरीही साइट नावाने उघडत नसेल, तर तार-बिर ठीक आहे, नावावरून नंबर शोधणारा भाग अडलाय. एवढं फोनवर सांगितलं की केबलवाला मुलगासुद्धा ‘राउटर बंद-चालू करा’ म्हणायचं सोडून नीट ऐकायला लागतो.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी विचारत नाही. बहुतेक बिघाड मी बिघडायच्या आधीच पकडते. त्यासाठी माझ्याकडे एक कागद आहे. मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार वापरते. त्याच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, 21 व्हेनेसा आणि 22 विल्मा, त्यामुळे ‘विल्मा कधी येणार’ असं घरात पाहुणी येणार असल्यासारखं बोललं जायचं. नवी आवृत्ती आली की ती आधी पेन ड्राइव्हवर घेते आणि तिथूनच लॅपटॉप चालू करते. आतल्या डिस्कला धक्का न लावता ती वापरून पाहता येते. मग कागदावरची रोजची कामं एकेक करायची. छापायचं, स्कॅन करायचं. झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडायचं आणि वायफाय परत जुळतं का बघायचं. बँकेत लॉगिन, मोबाइलवरून फोटो उतरवणं, प्रोजेक्टर. 22 मध्ये आवाजाची जुनी यंत्रणा जाऊन पाइपवायर आली, म्हणून हेडफोनच्या माइकवरून बहिणीला व्हिडिओ कॉल करून खात्री केली. तिला वाटलं आठवण आली म्हणून केला. मी काही बोलले नाही.

कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र मराठीची आहे. ती अशी: ‘तऱ्हेवाईक सुताराने ॲल्युमिनियमच्या दांड्याची कुऱ्हाड वाऱ्यावर ठेवून लक्ष ज्ञानेश्वरीकडे वळवले.’ अर्थाकडे बघू नका, ती सुताराची तऱ्हा आहे. या ओळीत मराठीला नडणारं बरंच काही कोंबलंय. ‘तऱ्हा’ आणि ‘वारा’चं ‘वाऱ्या’ लिहायला नुक्त्याचा ऱ लागतो. साधा र टाकला तर त्याचा रफार होऊन ‘तर्हा’ उमटतं, आणि कीबोर्डच्या काही मांडण्यांत हा ऱ चटकन सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, स्वतंत्रपणे 2008 साली आलं, 5.1 या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टात ते नसतं, जागी चौकट दिसते. त्याहून छळवादी म्हणजे बरेच लेखक ते ‘अ’वर चंद्र काढून दोन तुकड्यांत लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे. ‘शोधा आणि बदला’ करायला जावं तर निम्मे शब्द सापडतच नाहीत. मी एकदा तासभर राइटर या लेखनाच्या प्रोग्रामला दोष देत बसले होते आणि दोष हस्तलिखितात होता. शिवाय ल आणि श. काही फॉन्ट मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तरच मराठी वळणाचा ल आणि देठाचा श देतात, नाहीतर हिंदी वळण येतं. ही ओळ नव्या आवृत्तीत टंकून, छापून, पीडीएफ करून पाहते. पीडीएफवर ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवली की फॉन्ट फायलीत गेलाय की नाही याचा होय-नाही असा रकाना दिसतो. नाही असेल तर छापखान्यात माझ्या जोडाक्षरांचं काय होईल ते देव जाणे. एकदा कळलंही होतं, सोळा पानी फर्मा छापून झाल्यावर. त्यावर जास्त बोलत नाही.

बिघाडाची नोंद लिनक्स स्वतःही ठेवतं. लॅपटॉप मध्येच गोठला आणि बटण दाबून बंद करावा लागला, तर पुन्हा चालू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -1’ टाकलं की आधीच्या वेळच्या नोंदी दिसतात, शेवटच्या ओळीत काय चाललं होतं तेही. पहिल्यांदा मी त्यातल्या लाल ओळी बघून घाबरले होते. पण ठणठणीत यंत्रातही लाल ओळी असतातच. म्हणून मी एका चांगल्या दिवशीची नोंद फाईल करून ठेवली आहे. बिघाडाच्या दिवशी दोन्ही शेजारी लावते आणि नवी लाल ओळ कोणती एवढंच शोधते. दोन प्रती ताडून बघायचं काम मी तीस वर्षं करते आहे, इथे ते आयतं कामाला आलं.

आणखी एक युक्ती म्हणजे ‘पाहुणा’. लॅपटॉपवर या नावाचं रिकामं खातं करून ठेवलंय. मागे माझ्या खात्यात पडद्याखालची पट्टी गायब झाली. पाहुण्याच्या खात्यात ती होती. म्हणजे घर धड आहे, बिघाड माझ्याच कपाटात. होम फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ हे लपलेलं फोल्डर असतं, आपल्या सगळ्या आवडीनिवडी तिथे. त्यातलं संशयित फोल्डर पुसून न टाकता नुसतं नाव बदललं, बाहेर पडून परत आत आले, पट्टी हजर.

भाच्याच्या लॅपटॉपची गंमत वेगळीच. त्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ चुकतं. किती चुकतं विचारलं तर म्हणाला, साडेपाच तास. साडेपाच म्हटल्यावर भारतीय माणसाने आणखी काय शोधायचं? लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ने स्थानिक वेळ मानायला लावलं, मिटलं.

फजितीही सांगते. एकदा डिस्क भरल्याचा इशारा आला. ‘डीएफ -एच’ने दाखवलं, शंभर टक्के. मी जुनी पुस्तकं, फोटो हलवत बसले, दोन दिवस. शेवटी ‘डीयू’ने एकेका फोल्डरचं वजन केलं तेव्हा कळलं की जागा टाइमशिफ्टने खाल्ली होती. प्रणाली बिघडली तर मागे जाता यावं म्हणून तो तिच्या प्रती काढून ठेवतो, आणि मी त्याला रोज प्रती काढ, त्याच डिस्कवर ठेव, असं सांगून विसरले होते. आता आठवड्याला एक, तीनपेक्षा जास्त नाही. त्या प्रतींत आपल्या फायली मुळात नसतात, हे ध्यानात ठेवा. पुस्तकांची प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवते.

एवढं करूनही सुटत नाही तेव्हा पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत, इंटरनेटवर शोधते. सापडलेली आज्ञा ‘सुडो’ने, म्हणजे यंत्राचे सगळे अधिकार देणाऱ्या शब्दाने, सुरू होत असेल तर तिचा प्रत्येक शब्द काय करतो हे कळेपर्यंत टंकत नाही.

आणि काही गोष्टी सुटलेल्या नाहीतच. स्कॅनरच्या वरच्या खाचेत वीस कागद ठेवले की पहिला आत जातो आणि बाकीचे तसेच. काचेवर ठेवून स्कॅन होतं, खाचेतून नाही. वहीत त्या पानावर तीन तारखा आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वारांच्या, आणि खाली प्रश्नचिन्ह. लेखिकेच्या कादंबरीची हस्तलिखित पानं 212 आहेत. काचेवर एकेक ठेवते आहे, आज 90 झाली.