बिलबुकाचा शेवटचा नंबर

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची लहानशी ऑफसेट प्रेस आहे. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याच्या, कामासाठी घेतलेले अ‍ॅपलचे तीन मॅक संगणक तेथे आहेत, दोन डिझाइनला आणि एक काउंटरवर. लोकांच्या डोळ्यांत लग्नपत्रिका भरतात, परंतु प्रेसचा वर्षभराचा खर्च निघतो तो कृषी केंद्रांची बिलबुके आणि जिनिंगच्या काटा पावत्या यांवर. या कामात कागद, शाई किंवा टाइप यांपेक्षाही जपायची गोष्ट म्हणजे मागच्या पुस्तकाचा शेवटचा नंबर, कारण पुढचे पुस्तक त्याच्या पुढच्या अंकापासूनच सुरू झाले पाहिजे.

हे नंबर आम्ही एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवत होतो, आणि त्या फाइलच्या एकाच्या दोन प्रती कधी झाल्या ते कोणालाच कळले नाही. ऐन कापसाच्या हंगामात एका जिनिंगला ४५०१ ते ५००० हे नंबर आमच्या हातून दोनदा छापून गेले. त्यांच्या मुनीमजींनी एकाच नंबरच्या दोन पावत्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि शांतपणे विचारले, "भाऊ, यातली खरी कोणती म्हणू?" पन्नास पानांची दहा पुस्तके आम्हाला पदरमोड करून पुन्हा छापून द्यावी लागली. दोष एक्सेलचा नव्हता, आमचाच होता. पण नोंदी एकाच ठिकाणी ठेवून तपासणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे डेटाबेसचा, शोध त्या दिवसापासून सुरू झाला.

ओळखीच्या संगणक शिक्षकांनी प्रथम अ‍ॅक्सेस सुचवले. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस मॅकसाठी कधीच काढले नाही, त्यामुळे तो विषय तेथेच संपला. त्याच प्रकारचे लिबरऑफिस बेस फुकट मिळते आणि मॅकवर चालतेही, परंतु त्याची नेहमीची एका फाइलमधली व्यवस्था एका वेळी एकाच माणसासाठी असते. आमची अडचण तर नेमकी तीन टेबलांवरच्या तीन माणसांची होती. पोस्टग्रेस्क्यूएलसारखा अनेकांना एकदम वापरता येणारा डेटाबेस सर्व्हर बसवून बेस त्याला जोडता येते आणि ती व्यवस्था पक्कीही असते, मात्र ती बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस आमच्या गावात नाही. इंटरनेटवर चालणाऱ्या सेवा दिसायला देखण्या असल्या तरी येथे लाइन गेली की राउटर बंद पडतो, आणि ग्राहक समोर उभा असताना नेटची वाट पाहत बसणे परवडत नाही.

शेवटी फाइलमेकर घेतले. १९८५ साली मॅकसाठी आलेला हा प्रोग्राम आज क्लॅरिस या अ‍ॅपलच्याच कंपनीकडे आहे. परवान्याचा खर्च खटकतो, हे मोकळेपणाने सांगतो. परंतु रोज पानाची मांडणी करणाऱ्या आमच्या डिझायनरने त्यातील नोंदी भरायच्या पडद्यांची मांडणी स्वतःच केली आणि एका मॅकवर उघडलेली फाइल बाकीचे दोघे प्रेसमधल्याच नेटवर्कवरून वापरू लागले. ग्राहकांचा एक तक्ता आणि कामांचा दुसरा, असे दोनच तक्ते आम्ही केले. त्या ग्राहकाच्या आधीच्या सर्व कामांतील सर्वांत मोठा नंबर शोधून नवीन काम त्याच्या पुढून सुरू होते की नाही, हे फाइल आता स्वतःच तपासते. चुकीचा नंबर टाकला तर नोंद घेतच नाही.

नावांनी मात्र घाम फोडला. 'वऱ्हाडे' हे आडनाव संगणकात दोन प्रकारे लिहिता येते: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर हलंत करून, तर दुसऱ्यांदा साधा 'र', हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण अक्षरांमागचे कोड जसेच्या तसे ताडून पाहणारा एसक्यूलाइटसारखा डेटाबेस त्यांना दोन वेगळी नावे समजतो. खुद्द वऱ्हाडात वऱ्हाडेंचीच खाती दोन व्हावीत, याचे हसू आले. म्हणून ग्राहक नावाने न शोधता मोबाइल नंबराने शोधायचा, असा नियम केला. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे तर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच होती. ती सरळ टाकून देऊन सगळी यादी युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली.

एका गोष्टीची धास्ती अजून आहे. याच कंपनीने २००८ साली बेंटो नावाचा सोपा डेटाबेस आणला आणि २०१३ मध्ये बंदही केला. त्यामुळे दर महिनाअखेर दोन्ही तक्ते सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवतो, म्हणजे उद्या प्रोग्राम बदलावा लागला तरी नोंदी हाती राहतील. चालू असलेली मूळ फाइल मॅकच्या फाइंडरमधून (फाइली दाखवणाऱ्या खिडकीतून) उचलून कॉपी केली तर ती प्रत बिघडलेली निघू शकते; म्हणून फाइल बंद केल्यावरच प्रत घेतो. मागच्या रविवारी तशी एक प्रत दुसऱ्या मॅकवर उघडून पाहिली आणि सर्वांत आधी त्या जिनिंगचा शेवटचा नंबर काढला. तो मशीनजवळच्या वहीतल्या नंबराशी जुळला. ती वही मशीनमनने अजून बंद केलेली नाही आणि मीही त्याला तसे सांगितलेले नाही.