कऱ्हाडचा ऱ्ह आणि फुकटचा फॉन्ट

आमच्या वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलं, कारण दिवसभर मराठीत टाइप करणारी समितीत मी एकटीच. दस्त लिहून देण्याचं काम करते, त्यामुळे हात चालतो. पण मुखपृष्ठ ही वेगळी गोष्ट. अध्यक्ष सरांनी एकच अट घातली होती, "अक्षर जुनं हवं. सत्तर साली नाटकाच्या जाहिरातीत, दिवाळी अंकांवर असायचं तसं. आणि खर्च नको."

अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं ट्रेडल छापखान्यात कंपोझिटर होते. केस म्हणजे खणाखणांची पेटी, तिच्यातून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उचलून ओळी जुळवायच्या. खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत, ते अजून आहेत. अक्षर म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. त्यामुळे हे काम घरी बसूनच करायचं ठरवलं.

पहिल्या रात्री 'जुन्या वळणाचा मराठी फॉन्ट मोफत' असं शोधलं आणि पानभर हिरवी बटणं समोर आली. एक दाबलं तर खाली उतरली एक इएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाईल. ती न उघडताच पुसली. फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ फाईल, फार तर झिपमध्ये बांधलेली; तो बसवायला कुठला प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. एवढं ज्याला माहीत असेल त्याचा संगणक पुष्कळ वाचतो.

दुसरीकडून झिप मिळाली, आत खरोखर टीटीएफ होती. बसवली, मराठी कळफलकावर 'कऱ्हाड' टाइप केलं आणि पडद्यावर आलं ते नेहमीचंच साधं अक्षर. फॉन्ट निवडलेला, नाव वर दिसतंय, पण अक्षर बदलत नाही. मग इंग्रजी कळफलकावर उगाच चार कळा दाबल्या, तर ते सुंदर जुनं वळण उमटलं. अर्थात शब्द भलतेच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो; हा त्याच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट होता. त्यात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. अण्णांना सांगितलं तर त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "म्हणजे केस इंग्रजीची आणि खणात खिळे मराठीचे. ज्याला ती केस पाठ आहे त्यानंच जुळवायचं." याहून सोपं मला सांगता आलं नसतं. अशा फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो, आणि उद्या स्मरणिकेत कुणी एखादं नाव शोधायला गेलं तर सापडतही नाही.

तरी शीर्षकापुरता चालला असता. मोह झाला, खरं सांगते. पण फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला डिटेल्सचा भाग उघडला आणि कॉपीराइटच्या ओळीत एका फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं. फाईलचं नाव बदललेलं, आतली ओळ बदलायची राहून गेलेली. म्हणजे विकाऊ फॉन्ट कुणीतरी उचलून 'मोफत' म्हणून ठेवला होता. मी तो काढून टाकला.

सरांना हे पटेना. "अगं, फुकट मिळालाय ना? मग टाक की. कोण विचारतंय?" मी म्हटलं, "सर, कुणी वाचनालयातलं पुस्तक उचलून फाटकाबाहेर मोफत म्हणून ठेवलं, तर आपण ते घरी नेऊ का?" सर गप्प झाले. मग त्यांनी दुसरा रस्ता काढला: त्यांच्या संग्रहात नाटकांच्या जाहिरातींची जुनी कात्रणं होती, त्यातली अक्षररचनाकार कमल शेडगे यांची अक्षरं स्कॅन करून जुळवायची. ती कात्रणं मी कितीतरी वेळ बघत बसले. काय अक्षर होतं त्या माणसाचं! प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या चालीनं चालतं. पण तो फॉन्ट नव्हे. ते एकेका नावासाठी हातानं काढलेलं काम आहे. शेडगे २०२० साली गेले आणि आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांची अक्षरं तोडून आमचं नाव जोडणं माझ्या हातून झालं नसतं. घरात कंपोझिटर असला की अक्षरामागचा माणूस दिसतोच.

मग नीट जागी गेले. गूगल फॉन्ट्सवर भाषेच्या रकान्यात देवनागरी निवडलं आणि दोन संध्याकाळी फक्त बघत बसले. 'यात्रा वन' तिथेच भेटला. कॅथरीन ली श्मिट यांनी तो केला आहे आणि त्यातल्या देवनागरीची प्रेरणा म्हणजे मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्या. 'मोदक' नावाप्रमाणे गुटगुटीत, अक्षरांतली पांढरी जागा जवळजवळ भरून गेलेली. तो मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा. त्यांचाच 'जैनी' आहे, जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून घडवलेला. तो बघून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आतल्या मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' घेतला. त्याच घराण्यात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत, मराठीचा स्वतंत्र. जाड-बारीक रेषांचा, जुन्या छापील पुस्तकाची आठवण करून देणारा.

हे चारही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. झिप उघडली की फॉन्टच्या शेजारी ओएफएल नावाची छोटी टेक्स्ट फाईल असते. ती पानभराची आहे, मी बसून वाचली. घरी वापरा, धंद्यात वापरा, छापा, दुसऱ्याला द्या, हवा तर आत बदलही करा. तुमच्या पुस्तकावर किंवा पत्रिकेवर त्याचा काही बोजा येत नाही. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही; दुसऱ्याला देताना ती परवान्याची फाईल सोबत द्यायची; आणि बदल केला असेल तर तो याच परवान्याखाली ठेवायचा, शिवाय मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलायचं. 'मोफत' लिहिलेल्या प्रत्येक फॉन्टाचं असं नसतं. कित्येकांसोबत 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी ओळ असते. आमच्या स्मरणिकेत जाहिराती आहेत, तिला किंमत आहे. तिथे तसा फॉन्ट बसत नाही.

आता खरी परीक्षा. जुन्या वळणाचे फॉन्ट शीर्षकासाठी केलेले असतात, आणि मराठीला लागणारी काही अक्षरं हिंदीला लागत नाहीत. आमच्या गावाच्या नावातच अडचण आहे. 'कऱ्हाड' मधला र हा ह च्या डोक्यावर बसणारा रफार नव्हे, तो ह च्या आधी चंद्रकोरीसारखा आडवा येतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग हलन्त (पाय मोडायची कळ), मग ह. हे फॉन्टाला जमलं नाही तर नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे ह सुटा पडलेला दिसतो. म्हणून मी एक ओळ तयार केली: 'कऱ्हाडच्या बाळूनं ऑक्टोबरात ॲल्युमिनियमच्या डब्यात शेव, कैऱ्या आणि कुऱ्हाड ठेवली, विठ्ठल, ब्रह्म, ज्ञान, शृंगार, उद्ध्वस्त.' ओळीला अर्थ फारसा नाही, पण बहुतेक अडचणीची अक्षरं तिच्यात आली. आवडलेला प्रत्येक फॉन्ट त्या ओळीवर घासून बघितला. एकात 'ॲ' नव्हताच. संगणकानं तो दुसऱ्या फॉन्टातून उसना आणला, त्यामुळे जाडजूड अक्षरांच्या रांगेत एकच किरकोळ ॲ उभा, शिरोरेषा दोन केस खाली. मी नुसती नजर टाकली असती तर सुटला असता. अण्णांनी चष्मा न लावता दाखवला.

यात्रा वन मध्ये 'कऱ्हाड' आलं तेव्हा मी छापून घेतलं. चंद्रकोर ह ला अलगद टेकलेली. मुखपृष्ठ ठरलं.

बसवणं हे पाच मिनिटांचं काम, एक अडखळ सोडली तर. झिप आधी पूर्ण उघडायची, झिपच्या आतूनच फॉन्टावर क्लिक करू नये. विंडोजमध्ये राइट क्लिक केलं की 'इन्स्टॉल' आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' असे दोन पर्याय येतात. मी पहिला निवडला, तर वाचनालयाच्या संगणकातल्या जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत फॉन्ट येईना. पहिल्या पर्यायानं फॉन्ट फक्त आपल्या खात्यात जातो, आणि काही जुनी सॉफ्टवेअरं तिथे बघतच नाहीत. दुसऱ्यानं बसवला, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, आला.

आतल्या एका पानाची मांडणी समितीतल्या एका मुलानं दुसऱ्या फॉन्टात केली होती. त्यात ल आणि श हिंदी वळणाचे आले होते. आपला ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. ते मला डोळ्यात खुपलं. फॉन्ट बदलायला निघाले होते, मग आठवलं म्हणून लिब्रेऑफिसमध्ये तो मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीची मराठी केली. डोळ्यांसमोर पानभर ल आणि श वळले. फॉन्टात दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं. सगळ्या फॉन्टांत ही सोय नाही, या फॉन्टात होती. मी अण्णांना हाक मारून पुन्हा एकदा हिंदी करून मराठी केलं, नुसतं दाखवायला.

छापखान्यात फाईल गेली आणि फोन आला, "ताई, कर्व्ह करून द्या, नाहीतर फॉन्ट पाठवा." कर्व्ह म्हणजे अक्षरं नुसत्या रेषांत बदलणं. फॉन्ट पाठवता आला असता, परवान्याच्या फाईलसह. पण मी त्यांना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच दिली होती. त्यांनी ती कोरलड्रॉमध्ये मजकूर म्हणून उघडली आणि 'वाचनालयाचा विकास' मधली पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली. प्रूफ बघितलं नसतं तर हजार प्रती तशा निघाल्या असत्या. कोरलमध्ये पीडीएफ आणताना मजकूर 'ॲज कर्व्ह्ज' घ्यायचा पर्याय असतो, तो घेतल्यावर वेलांटी जागेवर आली. मुखपृष्ठाचं शीर्षक मी इंकस्केपमध्ये आधीच रेषांत बदलून दिलं, आणि मूळ टाइप केलेली फाईल वेगळी जपून ठेवली, कारण कर्व्ह केलेल्या अक्षरात चूक दुरुस्त करता येत नाही.

परवाना मागत नसला तरी शेवटच्या पानावर मी फॉन्टांची आणि ते करणाऱ्यांची नावं दिली. अण्णांच्या छापखान्यात पुस्तकाखाली मुद्रकाचं नाव असायचं, खिळे जुळवणाऱ्याचं कधीच नाही.

स्मरणिका बघून आमच्या गल्लीतला पेंटर वाचनालयात आला. दारावरची पाटी नव्यानं रंगवायचं काम त्याला मिळालंय आणि त्याला तेच अक्षर हवंय. मी शीर्षक मोठं छापून दिलं. त्यानं ते भिंतीला लावून चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि विचारलं, "ताई, ही चंद्रकोर रस्त्यावरून दिसायची नाही. हातानं जरा ठसठशीत घेऊ का?"

घे म्हटलं.